आजाऱ्यांची यादी

आमच्या पाळकसाहेबांनी गेल्या पावसाळ्यात ओळीनं चार रविवार एकाच विषयावर उपदेश केला: ख्रिस्ती सहभागिता. पहिल्या रविवारी तिचा अर्थ, दुसऱ्या रविवारी तिचा पाया, तिसऱ्या रविवारी तिची फळं. चौथ्या रविवारी काय होतं ते मला सांगता येणार नाही, माझं लक्षच नव्हतं. माणूस चांगला आहे, तयारी करून येतो, वहीत लाल पेनानं रेघा मारून आणतो. पण तो शब्द कोणी माझ्यासमोर काढला की अजूनही माझ्या डोक्यात तिडीक जाते. आणि ती तिडीक त्यांच्यावर कमी, माझ्यावर जास्त असते.

आमची मंडळी यवतमाळातली, लहानशी. सगळे सगळ्यांना ओळखतात, निदान तसं म्हणतात. मी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. त्यामुळे आजाऱ्यांची यादी आपोआप माझ्या गळ्यात पडली. दर रविवारी उपदेशाच्या आधी मी पुढं जाते, वही उघडते आणि वाचते. अमक्या भावाची शुगर वाढली आहे. तमक्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. कोणाचा जावई पुसदला दवाखान्यात भरती आहे. मग सगळे डोळे मिटतात, पाच मिनिटं प्रार्थना होते, काही जणी खरंच रडतात, आणि आमेन. ते आमेन म्हटलं की जिवाला कसं हलकं वाटतं! केलं बाई आपण काहीतरी, असं वाटतं, आणि माणूस पाय लांब करून उपदेश ऐकायला मोकळा होतो.

त्या यादीत आठ महिने एक नाव होतं. ते माझ्याच वॉर्डातल्या आयाचं. दवाखान्यात आयांना सगळे मावशीच म्हणतात, म्हणून तीही माझी मावशी, आणि मी तिची सिस्टर. बावीस वर्षं आम्ही एकत्र ड्यूटी केली. किती बाळंतपणं, किती मयती, सगळं मिळून निभावलं. माझा डबा उघडला की तिचा ठेचा त्यात यायचाच. ती आमच्याच मंडळीतली. प्रभुभोजनाच्या मेजावरचं पांढरं कापड तीच धुवायची, चर्चच्या स्वयंपाकाच्या खोलीचा कारभार तिचाच. नवरा केव्हाच गेला, एक मुलगी आहे ती लग्न करून चंद्रपूरला. त्या पावसाळ्याच्या आधीच्या नोव्हेंबरात मावशी न्हाणीत घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पहिल्या आठवड्यात मी केळी आणि बिस्किटं घेऊन दवाखान्यात जाऊन आले, डोक्यावर हात ठेवून स्तोत्र वाचलं, तिच्या मुलीला चार सूचना दिल्या. मग रविवारी वहीत लिहिलं, 'आपली वृद्ध बहीण, खुब्याचं हाड.'

त्यानंतर मी गेले नाही. कोणीच गेलं नाही, पण मला कोणाचं काय करायचंय, मी गेले नाही. आधी माझा गुडघा धरला होता. मग नातीची परीक्षा आली. मग ऊन, आणि यवतमाळचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे काय ते ज्यानं सोसलं त्यालाच ठाऊक. मग पाऊस. पण ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण वेगळं आहे, आणि ते सांगताना मला माझाच राग येतो. दर रविवारी तिचं नाव माझ्या तोंडून निघत होतं, म्हणून मला वाटत होतं की तिची माझी भेट होतेच आहे. एकदाही मनात आलं नाही की अगं, तू हिला पाहिलेलं नाहीस. नाव वाचलं, डोळे मिटले, आमेन म्हटलं. झालं.

चार रविवारांचा शेवट प्रीतिभोजनानं करायचा असं पंचांनी ठरवलं. सगळ्या मंडळीनं एका पंगतीत जेवायचं, सहभागिता प्रत्यक्ष दिसली पाहिजे वगैरे. आचारी ठरला, भाजी ठरली. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की मोठे गंज म्हणजे पातेली, परात, झारे सगळं कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे, आणि चावी मावशीकडे आहे. आठ महिन्यांत मंडळीला मावशीची गरज पडली ती अशी. एक जण म्हणाला, कुलूप तोडून टाकू. दुसरा म्हणाला, कशाला तोडता, सिस्टरबाईंचं आणि तिचं चांगलं आहे, त्या जाऊन आणतील. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, आणते.

म्हणजे मी बावीस वर्षांच्या मैत्रिणीला बघायला निघाले नव्हते. चावी आणायला निघाले होते.

ती कापसाच्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत राहते. ऑटोनं दहा मिनिटं. वस्तीत उतरले आणि पाय थबकले, कारण तिचं घर कोणतं ते मलाच माहीत नव्हतं! बावीस वर्षांत ती माझ्या घरी नाताळला यायची, दिवाळीसारख्या करंज्या तळून द्यायची, आणि मी तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. एका गॅरेजच्या दारात एक बाई लेकराला भरवत उभी होती. गॅरेजवाल्याची बायको. तिला विचारलं तर म्हणाली, "खाला का घर? वो नीले दरवाजे वाला. आप चर्च से आए ना?"

मी हो म्हणाले.

"आप लोग अच्छे हो," ती म्हणाली. "खाला बताती है. हर इतवार आते, गाना गाते, केले लाते. मैं इतवार को अम्मी के यहाँ रहती ना, तो कभी देखे नहीं. आज दिख गए."

आम्ही दर रविवारी येतो म्हणे. मावशीनं आमची अब्रू राखली होती. शेजारणीनं विचारलं असेल, तुमचे लोक कधी येत नाहीत का, आणि हिनं एकदाच आणलेल्या केळ्यांवर आमचं नाव आठ महिने चालवलं. माझे कान तापले. परत फिरावं असंही मनात आलं, खोटं कशाला बोलू.

निळं दार उघडंच होतं. आत मावशी पाण्याची बादली घेऊन मोरीकडे चालली होती. चालली होती! काठी नाही, भिंतीचा आधार नाही, जराशी लंगडत, पण भरलेली बादली घेऊन.

"बाप्पा! सिस्टर! तुमी?" तिनं बादली खाली ठेवली.

"मावशी, तू चालून राह्यली?"

"मंग? होळीच्या आंधीपासून चालून राह्यली."

मी खाटेवर बसले. होळीच्या आधीपासून. आणि आदल्याच रविवारी मी यादी वाचली होती, 'आपली वृद्ध बहीण, खुब्याचं हाड,' आणि मागच्या बाकावरच्या दोघींनी डोळे पुसले होते. मला इतका संताप आला की तो मी तिच्यावरच काढला. म्हणाले, "मग चर्चला काहून येत नाहीस? एवढी धडधाकट झालीस तर कळवायचं नाही? एक फोन करता येत नव्हता?"

"फोन तं तुमच्यापाशीबी हाय न, सिस्टर," ती म्हणाली. रागानं नाही, सहज म्हणाली. त्यानं तर मला जास्तच लागलं.

मग तिनं हळूहळू सांगितलं. मुलगी दोन महिने राहून गेली. गॅरेजवाली दुपारी डोकावून जायची, भाकर-भाजी द्यायची. पाय बरा झाला तेव्हा मावशीनं ठरवलं की कोणीतरी विचारायला येईलच, त्याच्यासोबत चर्चला जाऊ. "एवढ्या दिवसानं एकटी कशी येऊ? सगळे वळून पाहतीन. म्हनलं, कोनी न्याले येऊ द्या. मंग कोनी आलंच नाई, तं आनखीच लाज वाटाले लागली. लाज माही का तुमची, थे काई समजलं नाई मले."

मला वाटलं, आता हिला एक चांगली गोष्ट सांगावी. म्हणून म्हणाले, मावशी, आम्ही दर रविवारी तुझ्यासाठी प्रार्थना करतो. एक रविवार चुकवला नाही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "अजूनबी?"

"अजूनही."

"हाडासाठी?"

"हो."

मग ती जी हसायला लागली! खाटेची दांडी धरून हसली, डोळ्यांतून पाणी आलं. "माय व! सिस्टर, तुमी तं नर्स हाय न! हाड का आठ महिने मोडलेलं रायते?"

मला हसू आलं नाही. तिच्या पायाशी बसून तिचा खुबा दाबून पाहायचं सोडून मी आठ महिने वहीतून तिला बघत होते. तोंडात कोणी मारावी तसं झालं. चावी मागायची माझी हिंमतच झाली नाही. तिनंच खिळ्यावरची चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "जेवन ठेवलं असन मंडळीनं. गंज आंधी चिंचेनं घासाले सांगजा, काळे पडले असतीन." तिला कळलं होतं मी कशाला आले ते. मी म्हणाले, रविवारी मी स्वतः ऑटो घेऊन येते, तयार राहा.

त्या रविवारी मी तिला घेऊन आले. खोटं कशाला सांगू, सगळे आनंदले. खरंच आनंदले. बायका गळ्यात पडल्या, कोणीतरी हालेलूया म्हटलं. पाळकसाहेबांचा चेहरा उजळला. चार रविवारांच्या उपदेशाला असा शेवट कोणाला मिळतो? ते म्हणाले, "बंधूंनो, भगिनींनो, आठ महिन्यांच्या अखंड प्रार्थनेचं हे उत्तर! बहिणीनं पुढं येऊन साक्ष द्यावी."

मावशी कधी पुढं जाऊन बोललेली नव्हती. तिनं पदर नीट केला, माइक हातात घेतला, तो चालू आहे का ते त्यालाच विचारल्यासारखं बघितलं.

"सगळ्याइले जय ख्रिस्त," ती म्हणाली. "माहा पाय होळीच्या आंधीच बरा झाला. तुमी मातर आतालोक प्रार्थना करून राह्यले, सिस्टरनं सांगतलं. देव तुमचं भलं करो. पायासाठी आता नका करू. माह्या घरी या. एकदा येऊन बसा, चहा घ्या. मी मेल्यावर खांदा द्याले तं तुमी येसानच, मले मालूम हाय. पन आंधी एकदा येऊन घर पाहून ठेवा. नाईतं त्या दिवशी सापडनार नाई तुमाले."

एवढंच बोलली आणि माइक परत दिला. तिनं टोमणा मारला नव्हता. मी तिला ओळखते, तिला टोमणे येत नाहीत. दवाखान्यात ती असंच सांगायची, इथं फरशी ओली हाय, पाहून जा. पण पाळकसाहेबांनी घाईनं आमेन म्हटलं आणि गीत सुरू करायला सांगितलं.

जेवणाच्या पंगतीत मग सुरू झालं. आमचे एक पंच आहेत, कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. ते वरण वाढता वाढता तिला म्हणाले, "मावशी, घरातल्या गोष्टी अशा माइकवर बोलू नयेत. बाहेरची माणसंही आज जेवायला आली आहेत. मंडळीचं नाव खराब होतं." मागच्या बाकावरच्या त्या दोघींपैकी एक म्हणाली, "आम्ही इतकं रडून रडून मागितलं हिच्यासाठी, त्याचं काहीच नाही?" आणि ती खरोखर दुखावली होती. तिचं रडणं नकली नव्हतं. माझं डोकं फिरतं ते इथंच. ढोंगी माणसांवर राग काढणं सोपं असतं. ही सगळी माणसं मनापासून रडणारी होती, आणि तरी त्यांच्यातलं एकही जिनिंगच्या मागं गेलं नव्हतं, मीसुद्धा.

मी हेडक्लार्कसाहेबांशी भांडत बसले. चांगला अर्धा तास भांडले, हात नाचवून. तेवढ्यात मावशीनं पान अर्धवट टाकून सगळे गंज घासले, कपाटात लावले, कुलूप घातलं, चावी मेजावर ठेवली आणि निघून गेली. तिच्यासाठी भांडता भांडता ती कधी गेली ते मला कळलंही नाही. असं आमचं चालतं.

पुढच्या रविवारी मी तिला आणायला ऑटो पाठवला. स्वतः गेले नाही, कारण मला यादी लिहायची होती. ऑटो रिकामा परत आला. ऑटोवाला म्हणाला, आजीचा पाय दुखते म्हने.

उपासनेत माझी वेळ आली. मी पुढं जाऊन वही उघडली. वहीत एक चिठ्ठी घडी करून ठेवलेली होती. लोक अशा चिठ्ठ्या ठेवतात, त्यात नवल नव्हतं. अक्षर सुंदर होतं. लिहिलं होतं, 'आपल्या वृद्ध बहिणीच्या मनातला कडूपणा प्रभूनं दूर करावा म्हणून.'

मी मान वर केली. सगळ्यांनी डोळे आधीच मिटून घेतले होते. मी काय वाचणार आणि त्यावर कधी आमेन म्हणायचं, याची सगळे वाट बघत होते. मला वाटतं, मी ते वाचलं असतं तर सगळ्यांनी कळवळून प्रार्थना केली असती, आणि मावशी पुन्हा यादीत गेली असती, या खेपेला कायमची. कारण हाड कधीतरी जुळतं, कडूपणा गेला की नाही हे कोण जाऊन बघणार?

"हे मी वाचणार नाही," मी म्हणाले. "तिचा पाय बरा आहे आणि मनही बरं आहे. तिनं आपल्याला चहाला बोलावलंय. इथून दहा मिनिटं लागतात. आज उपदेश राहू द्या, उठा, आपण सगळे आत्ता जाऊ."

काहींनी डोळे उघडले. काहींनी घट्ट मिटून घेतले. पाळकसाहेब मवाळपणे म्हणाले, "ताई, उपासनेनंतर आपण बसून शांतीनं बोलू." मी म्हणाले, उपासनेनंतर सगळ्यांना भूक लागते साहेब. कोणीतरी खोकलं. हेडक्लार्कसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली आणि गीत सुरू झालं. मी वही तिथंच ठेवली, पर्स घेतली, चपला घातल्या. फाटकापाशी दोन मिनिटं उभी राहिले. चांगली दोन मिनिटं. आत गीत सुरात चाललं होतं. कोणी आलं नाही. मग मी ऑटोला हात केला.

मावशी उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. मला पाहिलं आणि तिनं आभाळाकडे बघून वेळेचा अंदाज घेतला.

"एवढ्यात सुटली उपासना?"

"नाही, चालू आहे."

तिनं सूप खाली ठेवलं. चालू उपासना सोडून मी आजवर कधी उठले नाही, हे तिला माहीत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागं रस्त्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा काही फुलला की मी बघतच राहिले.

"म्हंजे सगळेच येऊन राह्यले!"

मी तोंड उघडलं, पण ती थांबलीच नाही. उठून आत गेली, लंगडत पण झपाझप. खाटेवरची चादर बदलली. चटई अंथरली, तिच्यावर दुसरी अंथरली. पातेलं गॅसवर ठेवलं. फडताळातून कप काढून फडक्यानं पुसायला लागली. "अकरा हायेत. पुरतीन न? गॅरेजवालीकडून आनू का आनखी? पाळकसाहेब बिनसाखरेचा पेतात का? आंधी सांगाचं न, सिस्टर, मी घरातलं आवरलं असतं!"

मी कोणाच्याही तोंडावर काहीही बोलणारी बाई. मोठ्या डॉक्टरांना बोलले आहे, पंचांना बोलले आहे, त्या दिवशी तर अख्ख्या मंडळीला बोलून आले होते. पण कोणी येत नाही मावशी, एवढे चार शब्द माझ्या घशातून निघाले नाहीत. मी फक्त म्हणाले, "मी पुढं आले."

तिनं ताटात अकरा कप मांडले आणि अकराही भरले. दाराकडे तोंड करून बसली. बाहेर लख्ख ऊन होतं. चहावर साय धरायला लागली तसा मी एक कप उचलला. मला शुगर आहे, आणि मावशीच्या हातचा चहा म्हणजे पाकच. तो संपला तसा मी दुसरा घेतला. रस्त्यानं एक सायकल गेली, एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेली. मावशी प्रत्येक वेळी अर्धी उठायची आणि बसायची.

"तिकडं पावसाचं पानी आलं असन," ती म्हणाली.

"हाव," मी म्हणाले, आणि तिसरा कप उचलला.